अंतर तासांनी मोजावे काय?

टेक्सासमधील प्लेनो शहर मुंबईहून किती मैल, असे हल्ली कोणी विचारीत नाही. 'किती तास लागतात?' असे विचारतात. प्लेनोहून डॅलस-फोर्ट वर्थचा विमानतळ मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर. तेथून मुंबई सुमारे १४,००० किलोमीटर. दुबई किंवा दोहा येथे विमान बदलून वीस ते चोवीस तास. घड्याळातील साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक धरला, तर आज संध्याकाळी निघालेला मुलगा परवा घरी.

या हिशेबातूनच एक प्रश्न आपल्या घरांत वारंवार निघतो. ठाण्यास आई वारली, मुलगा प्लेनोला. दफन लांबवू नये हा आपला रिवाज. मुलासाठी थांबावे काय? आणि तो आला नाही, तर त्याचे चुकले काय?

आपले वाडवडील अलिबाग-रेवदंड्याहून मुंबईस पडावाने, पुढे आगबोटीने येत. पावसाळ्यात तो प्रवास जिवावरचा. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. गावी कोणी वारले, तर मुंबईच्या मुलास निरोप पोहोचेपर्यंत सारे आटोपलेले असे. त्यास कोणी बोल लावीत नसे. अंतर फार होते म्हणून नव्हे, येणे शक्य नव्हते म्हणून. १९६० साली एअर इंडियाचे विमान न्यूयॉर्कला जाऊ लागले, आणि हळूहळू ही सबब गेली.

पण खरोखर गेली काय? एकाच विमानातील दोघांना मुंबई सारखीच दूर नसते. ग्रीन कार्ड असलेला येऊन जाईल. एच-१बीवर असलेल्याच्या पासपोर्टावरील व्हिसाची मुदत संपली असेल, तर परतण्यापूर्वी वकिलातीचा नवा शिक्का हवा. तारीख लांबली की नोकरी टांगणीला. शेजारणीला हे दिसत नाही, तिला वीस तास दिसतात. मार्च २०२० मध्ये भारतात येणारी नेहमीची विमाने बंद झाली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात खास विमाने होती, तरी कितीजणांनी आईबापांचे दफन फोनच्या पडद्यावर पाहिले! तास तेवढेच होते.

म्हणून आमचे मत असे की, थांबू नये. शेवटचे दर्शन ही मुलाची गरज आहे, आईची नव्हे. हे कठोर वाटेल. परंतु दफनानंतर सात दिवस घर उघडे असते, तिसऱ्या दिवशी आलेला मुलगाही भावंडांजवळ बसू शकतो.

आम्हाला बोचते ते निराळेच. मृत्यूची बातमी येताच तासाभरात तिकीट निघते. तोच प्रवास आई हिंडतीफिरती असताना तीन-तीन वर्षे जमत नाही. यात दोष केवळ मुलांचा नाही. 'उगाच खर्च करून येऊ नकोस' असे म्हणणाऱ्या आयाही आम्ही पाहिल्या आहेत, आणि मुले ते खरे मानतात.

ठाण्यात शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागतो, त्या वेळी प्लेनोत शुक्रवारची सकाळ असते. मुलगा कामावर निघण्याच्या बेतात असतो. त्या वेळी फोन करण्यास वीस तास लागत नाहीत.