जखम कोणाचीच बाजू घेत नाही



२० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या बदलापूर स्थानकात लोकल गाड्या तासन्‌तास अडवल्या गेल्या. कात्रपमधला कोणीही तो दिवस विसरलेला नाही. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि पोलिसांनी तक्रार नोंदवून घ्यायला विलंब केला होता. लोकांचा संताप रास्तच होता.

पुढे २३ सप्टेंबरला या प्रकरणातील आरोपीला तळोजा तुरुंगातून आणले जात होते. मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच डोक्यात गोळी लागून तो मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक अधिकारी जखमी झाला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी घालावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. अशा माणसाच्या जखमेची चौकशी हवीच कशाला, असे पुष्कळांना वाटले. आपल्यापैकीही काहींना वाटले असेल.

चौकशी हवी, कारण जखम खोटे बोलत नाही. गोळी अगदी जवळून झाडली असेल, तर जखमेभोवती काजळी आणि बंदुकीच्या दारूचे कण आढळतात. ती कुठून शिरली व कुठून बाहेर पडली यावरून तिची दिशा कळते. लाठीचा वळ बहुधा दोन समांतर रेषांसारखा उमटतो. मुक्या माराचा रंग लाल, निळा, हिरवट, पिवळा असा बदलत जातो, म्हणून मार ताजा की जुना याचा अंदाज डॉक्टरांना येतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितले की, अटकेतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंबाबत नियम घालून दिले. त्यांनुसार शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचे असते आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवायचे असते.

बदलापूर प्रकरणात दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते, बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि पाच पोलीस या मृत्यूला जबाबदार आहेत, असे त्यात म्हटले होते. पुढे मृताच्या आईवडिलांनी आपल्याला खटला लढवायचा नाही असे न्यायालयाला सांगितले. तरीही एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. आईवडील थकले म्हणून सत्याचा शोध थांबत नाही. अर्थात दंडाधिकाऱ्यांचा अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे. दोष ठरायचा तो खटल्यात, पुराव्यानेच.

आता थोडा विचार करू या. त्या चिमुकलीचे दुखणे आईवडिलांनी ओळखले आणि तिला तपासणीसाठी डॉक्टरांकडे नेले. पोलीस वेळ काढत असताना तिच्या बाजूने काय होते? वैद्यकीय तपासणीच होती. तेव्हा डॉक्टरांचा शब्द आपल्याला आधार वाटला. मग तोच शब्द आरोपीच्या बाबतीत आपण नको कसा म्हणू? पोलीस खरे बोलत असतील, तर जखमी अधिकाऱ्याची मांडीही तीच साक्ष देईल. म्हणजे तपासणी प्रामाणिक पोलिसाचेही रक्षण करते. आणि आरोपी मेल्यामुळे त्याच्यावरचा खटला कधी चाललाच नाही. मुलींच्या बाजूने भर न्यायालयात जो निकाल वाचला जायला हवा होता, तो राहूनच गेला.

त्याच्या दफनालाही बदलापूर व अंबरनाथमध्ये विरोध झाला. गरज पडल्यास पुन्हा तपासता यावे म्हणून त्याला दहन न करता पुरावे, अशी कुटुंबाची इच्छा होती. अखेर २९ सप्टेंबरला, रविवारी, पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरला दफन झाले. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण मुलांना धर्मशिक्षणात शिकवतो. मृत व्यक्ती चांगली असली तरच, अशी अट त्याला जोडलेली नाही.

त्या मुलींबद्दलचा कळवळा आणि त्या मृत्यूबद्दलचा प्रश्न एकाच मनात राहू शकतात. घरी मुलांनी याविषयी विचारले, तर त्यांना हे दोन्ही सांगण्याचे धैर्य आपल्यात असू द्या.