न केलेल्याचा हिशेब



मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण सारे मिळून पापांची कबुली देतो. त्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर आणखी एका गोष्टीचा उल्लेख असतो: जे करावयास हवे होते, ते न करणे. हातून घडलेली चूक आपल्या लक्षात राहते. न केलेल्या गोष्टीची मात्र आठवणच उरत नाही. बाळाला लस टोचावी की टोचू नये, या प्रश्नाची खरी अडचण मला येथेच दिसते.

आईला वाटते, मी स्वतः नेऊन सुई टोचली आणि काही झाले तर दोष माझा. रोग आला तर मात्र तो देवाच्या मर्जीने आला. ही भीती मायेपोटी येते, म्हणून तिला कोणी हसू नये. पण तिचे वजन करून पाहायला हवे.

गोवराचेच उदाहरण घेऊ. लस टोचल्यावर आठवडाभराने शंभरातील पाच ते पंधरा मुलांना ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाख मात्रांमागे मोजक्याच मुलांना होते. ती वेळीच लक्षात यावी म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. आता दुसरे पारडे पाहा. गोवर झालेल्या हजार मुलांमागे साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. कित्येकांना न्यूमोनिया होतो. हजारांत एक ते तीन मुले दगावतात, आणि कुपोषण असेल तेथे याहून कितीतरी अधिक. “आमच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर यायचा, काय झाले?” असे आपण म्हणतो. पण असे म्हणणारे सारे वाचलेले असतात. जे वाचले नाहीत, ते सांगायला आलेले नाहीत.

मग सुईचीच भीती जास्त का वाटते? कारण लसींनी आपले काम चोख केले आहे. आपल्या ज्येष्ठांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण अजून दिसते. नातवंडांच्या दंडावर ती नाही, कारण भारतातून देवीचा रोग १९७५ साली हटला. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. रोग डोळ्यांआड झाला की सुई मोठी दिसू लागते.

गोवर मात्र गेलेला नाही. कोविडच्या काळात मुलांचे नेहमीचे लसीकरण मागे पडले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली. शहरात दहाहून अधिक बालके दगावली. मुंबई आपल्याला लांब नाही. मे महिन्यात, नाताळात, फेस्ताला आपली माणसे एका रात्रीत गावी पोहोचतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार एका गलबताच्या दाखल्याने केला आहे. तांडेलाने सुकाणू सोडले आणि गलबत बुडाले, तर बुडण्याचा दोष त्याच्याकडे जातो, जरी त्याने काहीच केले नसले तरी. मात्र संतांनी दोन अटी घातल्या आहेत: सुकाणू धरणे त्याला शक्य असले पाहिजे आणि ते त्याचे कर्तव्य असले पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या आईपर्यंत लस पोहोचलीच नाही किंवा जिला कोणी नीट सांगितलेच नाही, तिच्यावर दोष ठेवता येत नाही. ज्याच्या घरापासून आरोग्य केंद्र जवळ आहे आणि ज्याला सारे ठाऊक आहे, त्याचे तसे नाही.

आणि गलबतात आपण एकटे नसतो. स्नानसंस्काराच्या दिवशी बाळ या हातातून त्या हातात फिरते. धर्ममाता घेते, आजी घेते, शेजारची मुले येऊन गालाचा मुका घेतात. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या तीन-चार महिन्यांच्या बाळाला ती अजून देता येत नाही. त्याचे खरे संरक्षण भोवतीची मुले आहेत. गोवराला वाट मिळू नये म्हणून शंभरातील सुमारे पंचाण्णव मुले सुरक्षित असावी लागतात. आपण मागे राहिलो तर धोका आपल्यापुरता राहत नाही. न विचारता तो आपण त्या बाळाच्या अंगावर टाकतो. भावाची राखण मी करायची काय, असे काइनाने देवाला विचारले होते. त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

कोविडच्या लसींविषयी व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात लस घेणे स्वेच्छेचे असावे असे सांगितले, पण त्याबरोबर सर्वांच्या हिताची, विशेषतः दुर्बलांची, जबाबदारीही दाखवून दिली. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे ही प्रेमाची कृती आहे असे म्हटले. सद्सद्विवेकबुद्धी मोकळी आहे, पण मोकळी म्हणजे बेफिकीर नव्हे. राहिला देवाच्या मर्जीचा प्रश्न. औषधे प्रभूनेच निर्माण केली आहेत व शहाणा माणूस ती नाकारत नाही, अशी शिकवण बेन सिराच्या ग्रंथात आहे. खुरसाजवळ मेणबत्ती लावावी आणि बाळाला आरोग्य केंद्रातही न्यावे. एकाने दुसरे अडत नाही.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रांत मोफत मिळते. राहून गेली असेल तर वेळ गेलेली नाही. पाच वर्षांपर्यंत ती देता येते. बाळाला गंभीर आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आज घरी गेल्यावर मुलांचे लसीकरण कार्ड काढून पाहा. एखादी जागा कोरी दिसली तर उद्याच आशाताईंना गाठा. आणि वाड्यात कोणी घाबरत असेल तर तिला बोल लावू नका, तिच्याबरोबर केंद्रापर्यंत जा.

प्रभू आपल्या लेकरांना सुखरूप ठेवो.

आपला,
धर्मगुरू