पित्याचा हेतू

मुलांसाठी द्रव्य साठविले की पित्याचे कर्तव्य संपले, असे आपण गृहस्थ सहज मानतो. पैठणच्या एकनाथांनी १५७३ साली काशीत मराठी भागवत पूर्ण केले. त्यांचेच पुत्र हरिपंडित पित्याच्या प्राकृत पुराणावर रुसून काशीस गेले, अशी परंपरा सांगते. नाथ स्वतः त्यांना आणावयास गेले. मराठीत पुराण न सांगण्याची व परान्न न घेण्याची अटही त्यांनी मान्य केली. (आपल्यापैकी कितीजण मुलाची अट ऐकून तरी घेतील?) यास दुबळेपणा म्हणवत नाही. आज्ञेचा अधिकार असूनही तो न वापरता, पुत्राने घरी राहून स्वतःच उमजावे, हा हेतू त्यांनी धरला असावा. पुढे संस्कृत पुराणाचे श्रोते विरळ झाले, तेव्हा पुराण पुन्हा सांगा, अशी विनंती पुत्रानेच केली.