उरलेला पुरावा

‘लग्न खरं असेल तर पुराव्याला काय तोटा?’ ब्रिटनचा जोडीदार-व्हिसा नाकारला गेलेल्या जोडप्याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ सल्ला येतो: फोटो वाढवा, व्हॉट्सॲपच्या गप्पा छापा, अपिलाची फाइल जाड करा. हा सल्ला मला नुसता उथळ नाही, घातक वाटतो.

अशा लग्नांकडे पाहणाऱ्या ब्रिटनच्या संशयाची मुळं जुनी आहेत. १९७९ साली लग्नासाठी हीथ्रोवर उतरलेल्या भारतीय स्त्रीची कौमार्य-तपासणी झाली, हे जगजाहीर आहे. पुढे १९९७पर्यंत ‘मुख्य हेतू’चा नियम चालला. ब्रिटनमध्ये शिरणं हा लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे अर्जदारानेच दाखवायचं. मनात नसलेली गोष्ट कुणी कशी दाखवावी? आज कायदा विचारतो की नातं खरं आहे का आणि ते चालू आहे का. हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. सीमाच नकोत म्हणणारे आणि प्रत्येक परदेशस्थ स्थळात बनाव पाहणारे, दोघेही या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत.

पण ‘खऱ्याला पुरावा भरपूर’ हे मत सज्जनांचं आहे, म्हणून ते खोडावंच लागतं. एप्रिल २०२४पासून नव्या अर्जदारांसाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. पगाराच्या चिठ्ठ्यांनी ती मोजता येते. नात्याला असा आकडा नाही, म्हणून लोक त्याला जाडी देऊ पाहतात. आता आपल्याकडचं ठरवून झालेलं लग्न घ्या. कांदेपोहे, बैठक, साखरपुडा, लग्न, आणि नवऱ्याची रजा संपलेली. त्यानंतर फोनवर जे बोलणं होतं ते आईच्या गुडघ्यांचं, घरभाड्याचं, कुणाच्या बारशाला काय द्यायचं याचं. ते कोण जपून ठेवतं? उलट ज्याला बनावच करायचा आहे, तो पहिल्या दिवसापासून जपतो. फाइलच्या जाडीवरून माणसाची खबरदारी कळते, संसार कळत नाही.

ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने २०१२मध्ये गौडे प्रकरणात हे बरंचसं ओळखलं. परस्परांवरील निष्ठेचा अमुकच पुरावा हवा अशी अट नाही. कॉलिंग कार्डांवरून नेमका कुठला नंबर लावला ते कळत नसलं, तरी बोलणं होत असल्याच्या सांगण्याला ती दुजोरा देऊ शकतात.

माझ्या मते खरा भेद पुरेशा-अपुऱ्याचा नाहीच. दाखवण्यासाठी तयार केलेला पुरावा वेगळा आणि जगताना मागे उरलेला वेगळा. पीएफच्या नॉमिनीच्या रकान्यात बदललेलं नाव, दवाखान्याच्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून परदेशातल्या नवऱ्याचा नंबर, सासऱ्यांच्या ऑपरेशनला पाठवलेले पैसे. हेही बनवता येतं, हे खरं. पण ते ज्याच्या दप्तरी पडलं त्याला व्हिसाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्यावरची तारीख बहुधा नकाराच्या आधीची असते.

ब्रिटनबाहेरून अपील करायला २८ दिवस मिळतात. त्यात नवे फोटो काढण्यापेक्षा जुनी दप्तरं शोधावीत. सुनावणीत साक्ष बहुतेक वेळा ब्रिटनमधल्या जोडीदाराचीच होते; इकडच्याच्या वतीने बोलतात ते कागदच. तेव्हा न्यायाधीशांनीही कागद किती आहेत यापेक्षा प्रत्येक कागद कधी आणि कुणासाठी तयार झाला, हे आधी विचारावं.