पहिल्या सिगारचा जमाखर्च

सिगार ओढणाऱ्याला त्याची पहिली सिगार कशी होती, हे चुकूनही विचारू नये. तासभर सुटका नाही. कुणी दिली, बाहेर पाऊस होता की नाही, सगळं तोंडपाठ! घेरी आली, मळमळलं, हेही सांगतो. पण लग्नातले रुसवेफुगवे सांगावेत तसं, कौतुकानं.

आम्ही पडलो ब्यांकेतले कारकून. नावेची रक्कम जमेला लिहिली, तर आमची चौकशी लागते. आठवण मात्र हा उद्योग राजरोस करते! अहो, जगाच्या मनाचं ऑडिट करणारे फ्रॉइडसाहेब दिवसाला वीसेक सिगार ओढत. १९२३ साली जबड्याचा कर्करोग निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, १९३९ साली ते गेले. सिगार काही सुटली नाही.

मग आठवण खोटारडी म्हणायची का? मला नाही तसं वाटत. सिगार पुढे करणाऱ्यानं न बोलता सांगितलेलं असतं, ‘ये, आता तू आमच्यातला.’ ती जमा खरीच. फक्त धुराच्या खात्यावर पडलेली. माणसाची ठेव आणि तंबाखूचं कर्ज ही खाती वेगळी ठेवावीत. पहिल्याचं व्याज आपण खातो. दुसऱ्याचं आपल्याला खातं.