दडविलेली किल्ली

किल्ली आंत राहून मोटारीचें दार बंद झालें म्हणजे मोठी पंचाईत होते. म्हणून कित्येक लोक दुसरी किल्ली लोहचुंबकाच्या डबींत घालून गाडीच्या पोटाखालीं चिकटवून ठेवितात. ही सावधगिरी आम्ही वाईट म्हणत नाहीं. परंतु अशा किल्लीचा राखणदार कोण? चोराचें अज्ञान; आणि चोर तर चाकावरील पत्र्याच्या आंतच प्रथम हात घालतो!

तथापि आमचा प्रश्न निराळा आहे. गाडी गेली तर संशय कोणावर येतो? ज्यांच्या कानांत ती जागा सांगितली होती त्यांच्यावर. ड्रायव्हरावर, पुतण्यावर, शेजाऱ्यावर. गाडी विश्वासानें त्यांस कधीं सोंपविली नव्हती, आळ मात्र त्यांच्या माथीं. हा न्याय आहे काय? आमच्या मतें किल्ली एकाच शेजाऱ्याच्या हातीं उघडपणें द्यावी. पण आधीं त्यास विचारावें, कारण दुसऱ्याची ठेव संभाळणें हें ओझेंच आहे, व नको म्हणण्याचा त्यास अधिकार आहे.

तो नको म्हणाला तर? अलीकडील पुष्कळ गाड्यांच्या किल्लींत बारीक चिप असते. तिच्यावांचून इंजिन चालू होत नाहीं. चिप नसलेली साधी किल्ली कापून घेऊन तीच दडवावी. तिनें दार उघडून आंतली किल्ली हातीं येते. एरवीं चोरास ती सांपडली तरी गाडी जागची हलत नाहीं.