न्यायमूर्तींची बाराखडी

१८८६ साली माधवराव रानडे सरकारच्या वित्त समितीचे सभासद म्हणून कलकत्त्याला गेले. वय चव्वेचाळीस, न्यायखात्यात नाव झालेले, पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा भार खांद्यावर. तिथे त्यांनी बंगाली शिकायला घेतले, अगदी मुळाक्षरांपासून. पत्नी रमाबाईंच्या आठवणींत याचे मोठे लोभस वर्णन आहे. सकाळी न्हावी दाढी करीत असे आणि माधवराव हातातले पुस्तक मोठ्याने वाचत असत. शब्द अडला की त्यालाच विचारायचे. तोही हाताने वस्तरा चालवीत तोंडाने उच्चार सुधारून देई.

या प्रसंगातले कुतूहल सहज दिसते, पण मला त्यातली निर्भयता अधिक मोलाची वाटते. अधिकार वाढतो तसा माणूस उत्तरे देण्याला सरावतो. लोक त्याच्याकडे निकालासाठी येतात, त्याची सही मागतात, त्याच्या चुका त्याच्या तोंडावर कोणी काढत नाही. अशा माणसाला 'हा शब्द कसा वाचायचा?' असे विचारणे जड जाते, तेही समाजाने खालच्या पायरीवर बसवलेल्या माणसाला. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर असे चोवीस गुरू केले. आपण ही कथा श्रद्धेने ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत हाताखालच्या माणसाला काही विचारायची वेळ आली की गप्प बसतो.

पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांना आज चांगल्या सवयींच्या याद्या मिळतात: पहाटे उठा, रोज वाचा, टिपणे काढा. माधवरावांच्या दिवसात हे सगळे होते. पहाटे ते तुकोबांचे, नामदेवांचे अभंग म्हणत, त्यात तल्लीन होत. डोळ्यांनी त्यांना तरुणपणीच दगा दिला होता, म्हणून ते इतरांकडून वाचून घेत. पण बढतीशी या सवयींचे नाते पाहू गेलो तर हिशेब जुळत नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला त्यांचा संशय आला, त्यांची बदली धुळ्याला झाली, त्यांची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. उच्च न्यायालयातली जागा मिळाली ती १८९३ मध्ये, काशिनाथ त्रिंबक तेलंग वारल्यावर. मधली वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली असती तरी कोणी दोष दिला नसता. त्याच वर्षांत त्यांनी उद्योगधंद्यांच्या परिषदा उभ्या केल्या, शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरून पाहिला आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर ते प्रसिद्ध व्याख्यान दिले. पद मिळो न मिळो, अभ्यास थांबला नाही. कारण तो पदासाठी सुरूच झाला नव्हता. महत्त्वाकांक्षेला मी कमी लेखत नाही, पण तिच्याच जोरावर चालणारी सवय पहिल्या अन्यायाला मोडून पडते.

आणखी एक गोष्ट याद्यांमध्ये क्वचितच येते. गोपाळ कृष्ण गोखले विशीत असताना माधवरावांच्या हाताखाली आले आणि वर्षानुवर्षे घडत राहिले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, अर्जाचा मसुदा करायचा, तो दुरुस्त होऊन आला की पुन्हा लिहायचा. एवढे खपून तयार केलेल्या अर्जांना सरकार धड उत्तरही देत नाही, अशी खंत गोखल्यांनी एकदा बोलून दाखवली. तेव्हा हे अर्ज नावापुरते सरकारला असतात, खरे तर ते लोकांना विचार करायला शिकवण्यासाठी असतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे गोखल्यांनी विलायतेत जी साक्ष दिली, तिच्यामागे ही तालीम होती. स्वतःची वाढ दुसऱ्याच्या हाती अशी सोपवता येणे ही नेत्याची सवय म्हणून मी सर्वांत वर ठेवीन.

पण इथे थांबलो तर चित्र खोटे होईल. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर, विधवाविवाहाचा कैवार घेतलेल्या या एकतीस वर्षांच्या माणसाने वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांच्यावर टीका झाली, ती योग्यच होती. इतके वाचन, इतकी प्रार्थना, इतके चिंतन, आणि ऐन घटकेला घरच्याच माणसापुढे पाय डगमगले. ग्रंथांनी दृष्टी रुंदावते, धैर्य मात्र त्यांतून आपोआप येत नाही. ते लहान लहान नकारांतून वेगळे कमवावे लागते, आणि माधवरावांचा तो अभ्यास कच्चा राहिला असे मला वाटते. त्या मुलीला त्यांनी लग्नानंतर लगेच शिकवायला घेतले, घरातल्या बायकांचा विरोध असूनही. तिनेही तो जाच सोसून शिक्षण सोडले नाही. पती गेल्यावर पुण्यात सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई त्यातून घडल्या. १८७३ ची चूक त्यामुळे पुसली जाते असे मी म्हणणार नाही, आणि रमाबाईंच्या कर्तृत्वाचे श्रेयही सगळे माधवरावांना देणार नाही.